आफ्रिकन ग्रेला व्हिटॅमिनचे थेंब किती द्यायचे? आधी ताट बघा, ऊन बघा आणि मधली काच बघा

साताऱ्याच्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांचा आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट, बरेच दिवस शिंकतोय, पिसं निस्तेज झालीत, आणि गेल्या आठवड्यात दांडीवर बसल्या बसल्या थरथरला, एकदा तोल जाऊन खाली पण पडला. खाणं म्हणजे सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, अधूनमधून पेरू नि हिरवी मिरची, सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट. पिंजरा हॉलमध्ये मोठ्या काचेच्या खिडकीशी, त्यामुळं "ऊन भरपूर मिळतं". दुकानदार म्हणतो मल्टिव्हिटॅमिनचे थेंब पाण्यात टाका, शेजारी म्हणतात माणसांची व्हिटॅमिन डी थ्रीची पुडी थोडी थोडी द्या. तर कुठलं टॉनिक, किती थेंब, आणि ऑनलाइन मिळतो तो उन्हासारखा उजेड देणारा दिवा घ्यायचा का, असं त्यांनी विचारलंय.

मी सांगलीत पशुवैद्य आहे, कुत्री-मांजरं जास्त येतात पण पक्षी पण बऱ्याच वर्षांपासून बघते, आणि शिंका, निस्तेज पिसं, बियांवरचं खाणं हे त्रिकूट माझ्याकडं इतक्या वेळा येतं की मी आधी पिंजऱ्याखालच्या ट्रेमधली टरफलं बघायला मागते. पण तुमच्या बाबतीत पहिलं काम टॉनिक नाही दादा. थरथर आणि दांडीवरून पडणं ही आफ्रिकन ग्रेमध्ये इमर्जन्सी धरायची. या जातीत रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जाऊन झटके येतात हे जगभरच्या पक्षीवैद्यांना ठाऊक आहे. उद्यावर टाकू नका. पक्षी बघणारा डॉक्टर साताऱ्यात मिळाला नाही तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं आधी फोन करून विचारा. नेताना छोटा पिंजरा, एकच दांडी अगदी खाली लावलेली, तळाला जाड टॉवेल, वरून हलकं कापड. थरथर पुन्हा झाली तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, तपासताना त्याचा फार उपयोग होतो.

डॉक्टरांना आयोनाइज्ड कॅल्शियम होईल का ते विचारा, कारण टोटल कॅल्शियमचा आकडा कधीकधी बरा दिसतो आणि शरीराला प्रत्यक्ष वापरता येणारा भाग मात्र कमी असतो. आणि झटक्याचं कारण कॅल्शियमच असेल असं मी इथून बसून सांगू शकत नाही. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी चावून होणारी विषबाधा, शिसं पोटात जाणं, असली कारणं सुद्धा अशीच दिसतात, म्हणून एक्सरे पण लागू शकतो. मी पुढं लिहितेय ते सगळं हा धोका टळल्यावर रोजच्या संसारात काय बदलायचं त्याबद्दल आहे.

आता मूळ मुद्दा. तुम्ही थेंबांचा हिशोब विचारलाय पण खरा प्रश्न असा आहे की तुमच्या पक्ष्याला दोन वेगळी व्हिटॅमिनं दोन वेगळ्या वाटांनी मिळायला हवीत आणि त्या दोन्ही वाटा सध्या बंद आहेत. व्हिटॅमिन ए ताटातून येतं. व्हिटॅमिन डी मुख्यतः उन्हातून येतं. शिंका आणि पिसं बहुतेक पहिल्याची तक्रार, थरथर बहुतेक दुसऱ्याची.

ए पासून सुरू करते. वनस्पतीत तयार व्हिटॅमिन ए नसतं, त्यात कॅरोटीन असतं आणि पक्ष्याचं शरीर त्याचं ए करून घेतं. सूर्यफुलाच्या बीमध्ये कॅरोटीन जवळजवळ नाहीच, शेंगदाण्यात नाही, बिस्किटात तर नाहीच नाही. ए कमी पडलं की तोंड, नाक, श्वासनलिका, मूत्रपिंडाच्या नळ्या या सगळ्यांचं आतलं ओलं मऊ अस्तर कोरडं आणि कडक व्हायला लागतं, मग शिंका येतात, नाकपुडी चोंदते, डोळ्याखाली सूज येते, टाळूच्या फटीभोवती जे बारीक काटे असतात ते झिजून बोथट होतात, कधी तोंडात पांढरे ठिपके दिसतात. अस्तर बिघडलं की जंतूंना आणि बुरशीला दार उघडं. म्हणून अशा पक्ष्याला नुसतं अँटिबायोटिक दिलं की थोडे दिवस बरं वाटतं आणि शिंका परत सुरू होतात, कारण मूळ दुखणं ताटात तसंच राहिलेलं असतं.

आफ्रिकन ग्रे मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या जंगलातला. तिथं तो तेलताडाची फळं खातो, ती कॅरोटीननं इतकी भरलेली असतात की त्यांचं तेल सुद्धा लालभडक निघतं. आणि वर विषुववृत्ताजवळचं ऊन. म्हणजे ज्या शरीराची घडण या दोन गोष्टींवर झालीय त्याला आपण फ्लॅटमध्ये काचेमागं बसवून पांढऱ्या बिया देतोय. हे मी दोष द्यायला लिहीत नाही, दुकानात पक्षी देतानाच सूर्यफुलाची पिशवी हातात ठेवतात, माणूस तेच करणार.

साताऱ्याच्या भाजी मंडईत तुम्हाला जे लागतं ते सगळं आहे. लाल भोपळा, गाजर, आतून केशरी असलेलं रताळं, पिकलेली पपई, हंगामात आंबा, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर. मिरची द्याच, पण हिरवीपेक्षा पिकून लाल झालेली द्या, तिच्यात कॅरोटीन जास्त. तिखटाची काळजी करू नका, मिरचीतला जो घटक आपलं तोंड भाजतो तो पक्ष्यांच्या नसांना जाणवत नाही. एक सांगते, लाल दिसतंय म्हणजे चालेल असं धरू नका. बीटचा रंग कॅरोटीनचा नाही आणि कलिंगडाचा लाल रंग मुख्यतः लायकोपीनचा असतो, त्याचं व्हिटॅमिन ए होत नाही. काकडी, सफरचंद, पांढरा पेरू खाल्ले म्हणून बिघडत नाही पण ए च्या हिशोबात ते धरू नका. गर्द केशरी आणि गर्द हिरवं, हे दोन रंग रोज ताटात पाहिजेत. कॅरोटीन अंगी लागायला थोडी चरबी लागते, त्यामुळं भाजीबरोबर चार-पाच सूर्यफुलाच्या बिया असल्या तर उलट बरंच, मी बिया पूर्ण बंद करा असं म्हणत नाही.

शेंगदाण्याबद्दल मात्र मी कडक आहे. आपल्या भागात घरोघरी शेंगा असतात म्हणून लोक सढळ हातानं देतात, पण साठवणुकीत ओल लागलेल्या शेंगेत बुरशी येते आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृताला घातक असतं, ते भाजून पण पूर्ण जात नाही. फुफ्फुसात बुरशी होण्याचा धोका ग्रेमध्ये एरवीही असतोच. द्यायचाच तर सोललेला, ताजा, माणसाच्या खाण्यातला, आणि तो पण कधीतरी एखादा. चहा-बिस्कीट आजपासून बंद.

आता डी. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. भाजी, फळ, बी, धान्य कितीही द्या, त्यातून पक्ष्याला उपयोगी पडेल असं डी जवळजवळ मिळत नाही. बुरशीवर्गात जे डी टू असतं ते पक्ष्यांना फारसं वापरता येत नाही, त्यांना डी थ्रीच लागतं. ते मिळायच्या वाटा तीन: उन्हातले यूव्हीबी (अतिनील किरणांतला एक प्रकार) किरण कातडीवर पडून शरीरानं स्वतः बनवलेलं, अंड्याच्या बलकासारखं प्राणिज खाणं, आणि पोपटांसाठी बनवलेल्या पेलेटमध्ये, म्हणजे तयार दाणेदार खाद्यात, घातलेलं. पिसांतून किरण आत जात नाहीत, म्हणून उघडी कातडी कामाला येते, पाय आणि डोळ्याभोवतीचा भाग.

आणि साधी खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ सगळा अडवते. उजेड येतो, ऊब येते, पिंजऱ्यावर लख्ख ऊन पडलेलं दिसतं, पण डी बनवणारा भाग काचेच्या पलीकडंच राहतो. म्हणजे तुमचा ग्रे तीन वर्षं खिडकीत बसून सुद्धा डी च्या हिशोबानं अंधारात बसलाय. डी नसलं की आतड्यातून कॅल्शियम आत घेतलं जात नाही, आणि तुमच्या ताटात कॅल्शियम आधीच किती कमी बघा: १०० ग्रॅम सोललेल्या सूर्यफुलाच्या बीत कॅल्शियम साधारण ८० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस ६५० च्या वर. शरीराला कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड-दोन पट हवं असतं, इथं फॉस्फरसच आठपट. कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त, डी नाही. तिन्ही एकदम.

ऊन ग्रेला इतकं का महत्त्वाचं याचा अभ्यास इंग्लंडमधले पक्षीवैद्य मायकल स्टॅनफर्ड यांनी केलाय. त्यांच्या ग्रे पक्ष्यांमध्ये यूव्हीबी दिवे लावल्यावर आयोनाइज्ड कॅल्शियम वाढलं, आणि दक्षिण अमेरिकेतल्या पोपटांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणून कोणी "माझा अ‍ॅमेझॉन पोपट कधी उन्हात गेला नाही, ठणठणीत आहे" असं सांगितलं तर ते खरं असेलही, पण तुमच्या ग्रेला लागू होईलच असं नाही.

मग ऊन कसं द्यायचं. आपल्याकडं सगळे म्हणतात कोवळं ऊन दाखवा. सकाळी सातचं ऊन पक्ष्याला आवडतं, छान वाटतं, पण सूर्य खाली असताना किरण हवेच्या जाड थरातून येतात आणि यूव्हीबी वाटेतच गळतो, त्यात डी फार बनत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे स्वतःची सावली बघा, सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा यूव्हीबी कामाचा असतो. आपल्या सातारा-सांगलीत एप्रिल-मे मध्ये ही वेळ साडेनऊच्या आसपासच येते, डिसेंबरात मात्र साडेअकरा ते दीडच्या दरम्यानच. म्हणून उन्हाळ्यात मी साडेनऊला पंधरा-वीस मिनिटं सांगते आणि हिवाळ्यात दुपारी बाराला अर्धा तास, वेळ वर्षभर एकच ठेवू नका. आठवड्यातून चार-पाच दिवस जमलं तरी पुष्कळ आहे. तुमची बाल्कनी कुठल्या दिशेला आहे त्यावर बरंच अवलंबून आहे, उत्तरेची असेल तर हिवाळ्यात तिथं थेट ऊन येणारच नाही, मग गच्ची.

उन्हात ठेवताना पिंजऱ्याचा अर्धा भाग झाकलेला पाहिजे, पक्ष्याला स्वतःहून सावलीत जाता आलं पाहिजे, पाणी आत पाहिजे, आणि तुम्ही तिथंच बसलेले पाहिजे. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला, पंख अंगापासून लांब धरले, की लगेच आत. सांगलीचा मे महिना चाळीशीच्या वर जातो, तिथं विसरलेला पिंजरा म्हणजे मेलेला पक्षी, हे मी बघितलंय आणि ते मालक आयुष्यभर विसरत नाहीत. घार, कावळे, मांजर हे पण लक्षात ठेवा, पंख कापलेले असले तरी खांद्यावर बसवून गच्चीवर जाऊ नका. आणि फार ऊन असेल तर एक सोय आहे, उघड्या आभाळाखालच्या सावलीत सुद्धा आभाळाकडून पसरून येणारा यूव्हीबी बऱ्यापैकी मिळतो, त्यामुळं झाडाची दाट सावली नको पण भिंतीच्या कडेची, वर आकाश मोकळं दिसणारी सावली चालते. मच्छरदाणीची जाळी आणि हिरवं शेडनेट थोडा भाग अडवतात, पिंजऱ्याची लोखंडी जाळी चालते.

दिवा घ्यायचा का हे यावर ठरेल की वरचं तुम्हाला जमतं का. जमत असेल तर पैसे वाचवा. साताऱ्याच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, किंवा घरात दिवसभर कोणी नसतं, तेव्हा पक्ष्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब उपयोगी आहे. पण ऑनलाइन "फुल स्पेक्ट्रम" म्हणून जे एलईडी मिळतात, झाडांसाठी असतात ते पण, त्यात बहुतेक वेळा यूव्हीबी नसतोच. डब्यावर यूव्हीबीचं प्रमाण लिहिलेलं पाहिजे. सरड्या-कासवांसाठीचे वाळवंटी ताकदीचे दिवे घेऊ नका, पक्ष्याचे डोळे भाजतात. दिवा पिंजऱ्याच्या वरून, कंपनीनं सांगितलेल्या अंतरावर, बाजूनं डोळ्यात जाणारा नको, मध्ये काच किंवा प्लास्टिक नको. वर्षभरानं बदलायचा, कारण उजेड तसाच दिसतो पण यूव्हीबी कमी झालेला असतो.

आता पुडीबद्दल, आणि हे कृपया शेजाऱ्यांना पण सांगा. माणसांची पुडी ६०,००० युनिटची असते. पोपटांच्या खाद्यासाठी जी शिफारस वापरतात ती किलोमागं ५०० ते २,००० युनिट डी थ्री अशी आहे. ग्रे दिवसाला कोरडं खाणं पंचवीस-तीस ग्रॅम खातो, म्हणजे त्याची रोजची गरज जास्तीत जास्त ६० युनिटच्या घरात. एका पुडीत त्याचा हजार दिवसांचा कोटा झाला. "थोडी थोडी" म्हणजे किती हे चारशे-पाचशे ग्रॅमच्या जीवासाठी चमच्यानं मोजता येत नाही. जास्त झालेलं डी कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साठवतं, पक्षी जास्त पाणी प्यायला लागतो, वजन उतरतं, आणि लक्षात येईपर्यंत मूत्रपिंड गेलेलं असतं.

मी ताट आणि ऊन यावर एवढा जोर का देते त्याचं कारण हेच आहे. उन्हात कातडीवर डी बनतं तेव्हा गरजेपेक्षा जास्त झालेला भाग त्याच उन्हात निरुपयोगी पदार्थात बदलतो, त्यामुळं उन्हानं डी ची विषबाधा होत नाही. कॅरोटीनचं पण तसंच, शरीर लागेल तेवढ्याचंच ए करतं आणि बाकीचं सोडून देतं. म्हणजे या दोन्ही वाटांवर लगाम पक्ष्याच्या शरीराच्या हातात असतो. बाटलीतलं तयार ए आणि तयार डी हा लगाम चुकवून थेट आत जातं, आणि दोन्ही चरबीत विरघळणारी असल्यानं शरीरात साठून राहतात, लघवीवाटे वाहून जात नाहीत. डॉक्टरांनी रक्त बघून, वजन करून कॅल्शियम किंवा डी चं इंजेक्शन दिलं तर ती वेगळी गोष्ट, ते घ्याच. मी स्वतः पण देते.

पाण्यातल्या थेंबांचं सांगायचं तर उजेडात आणि पाण्यात व्हिटॅमिनं काही तासांत खराब व्हायला लागतात, गोडसर पाण्यात जंतू वाढतात, चव बदलली की काही पक्षी पाणी पिणंच कमी करतात, आणि किती पोटात गेलं ते कळत नाही. बियांवर पावडर शिंपडणं तर वायाच, पोपट बी सोलून खातो आणि पावडर टरफलाबरोबर खाली ट्रेमध्ये. पेलेट सुरू केले तर वरून मल्टिव्हिटॅमिन अजिबात नको, पेलेटमध्ये ए आणि डी थ्री आधीच मोजून घातलेलं असतं, दुप्पट होईल.

पेलेट महाग आहेत हे मला माहितीये, सगळ्यांना परवडत नाहीत. परवडत असतील तर अर्ध्याच्या वर खाणं पेलेट आणि उरलेलं ताज्या भाज्या, हे सोपं. नसतील तर रोज सकाळी बारीक चिरलेला भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, त्यात मोड आलेले मूग किंवा मटकी, शिजवलेली नाचणी, कधी मक्याचे दाणे. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, आणि जावळी-पाटणकडची ताजी नाचणी तुम्हाला सहज मिळेल. शेवग्याच्या पाल्यात पण कॅल्शियम भरपूर. पालक मात्र रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा बलक. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस (कटलफिश या समुद्री प्राण्याचं पांढरं हाड) मिळतो, तो पिंजऱ्याला बांधून ठेवा, नाही कुरतडला तर किसून भाजीवर टाका. आव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, खारवलेलं काही द्यायचं नाही. तासगावची द्राक्षं द्यायची तर मिठाच्या पाण्यात भिजवून, स्वच्छ धुऊन, एक-दोनच, फवारणी फार असते.

बियांवरून भाजीवर आणताना घाई करू नका, यात पक्षी उपाशी मरू शकतो. ग्रे नवीन वस्तूला घाबरतो, ताटलीचा रंग बदलला तरी बिचकतो. आधी डॉक्टरकडून तो धोक्याबाहेर आहे हे कळू दे. मग सकाळी भूक असते तेव्हा भाजी, दोन-तीन तासांनी ती काढायची, संध्याकाळी मोजून बिया, आणि महिना-दीड महिन्यात बिया हळूहळू कमी. त्याच्यासमोर बसून तुम्ही स्वतः गाजर खा, ग्रे कळपातला पक्षी आहे, तुम्ही खाताय म्हटल्यावर मान वाकडी करून बघतो आणि मग मागतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा घ्या, रोज सकाळी खायच्या आधी वजन लिहून ठेवा. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्के उतरलं की बदल थांबवायचा, जुनं खाणं परत द्यायचं आणि डॉक्टरला फोन.

आणि तुमचा ग्रे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदलेला नसेल तर तेवढं करून घ्या, ही जात सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी लागते. हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडं आपला देशी हिरवा पोपट पिंजऱ्यात आहे त्यांना पण सांगते, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो पाळता येत नाही, वनखात्याशी बोला.

फरक कधी दिसेल हे लोक लगेच विचारतात. कॅल्शियमचा उपचार लागू पडला तर थरथर लवकर थांबते. शिंका कमी व्हायला काही आठवडे लागतात, त्यात जंतुसंसर्ग असेल तर औषध पण लागेल. पिसांचं मात्र थांबावं लागतं, आत्ता अंगावर आहेत ती पिसं जुन्या खाण्यावर उगवलेली आहेत, ती सुधारणार नाहीत, पुढच्या मोल्टिंगला, म्हणजे जुनी पिसं गळतील तेव्हा, जी नवीन येतील ती बघायची. डॉक्टरकडं जाऊन आलात की रक्ताचा रिपोर्ट, वजन आणि पेलेट घेतले तर पाकिटावरचा डी थ्रीचा आकडा इथं टाका, मी बघून सांगते.